अनुकरण आणि तोतयेगिरी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. डोंबिवलीतील एका चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही आवारात सर ओसरण्याची वाट पाहत उभे होतो. धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी आपल्या मोबाइलवरील एक छायाचित्र आमच्यापुढे धरले. लालभडक रंगाची, लांबलचक बॉनेटची, दोन दारांची एक जुनी अमेरिकन मोटार त्यात होती. "मुलाने बनवली. अमेरिकेत असतो ना, त्याने. चार वर्षे खपत होता," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता, पण पुढच्याच क्षणी तो मावळला. "तुम्ही लिहिणारी-वाचणारी माणसे. मला एक सांगा, ही गाडी खरी म्हणायची की खोटी?"

प्रश्न साधा वाटला, म्हणून आम्ही हसून काहीतरी उत्तर दिले. ते मात्र हसले नाहीत. मग आम्ही आवारातल्या बाकावर बसलो आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ती ऐकल्यापासून हा प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही. वाचकांपुढे तो ठेवावा, असे वाटले.

या गृहस्थांचे उभे आयुष्य मोटारींत गेले. कल्याण-शीळ रस्त्यावरील प्रीमियरच्या कारखान्यात ते कामाला होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीने १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर काढली. तेव्हा करार अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी होता. त्यामुळे डॉज, प्लिमथ, डिसोटो ही अमेरिकन नावे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना घरच्यासारखी परिचित झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गुबगुबीत रूपामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. १९७० च्या दशकात तिच्या पुढच्या पिढीतील गाडीवरून फियाटचे नाव उतरले. तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' झाली. पाटी बदलली तरी लोक मात्र तिला फियाटच म्हणत राहिले. १९९० च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात फ्रान्सच्या भागीदारीत प्यूजो गाडी तयार होऊ लागली. ती भागीदारी दशक संपण्यापूर्वीच मोडली आणि आमच्या या गृहस्थांसारख्या कितीतरी कामगारांच्या संसाराची घडी विस्कटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, हा अनुभव या माणसाला नवा नव्हता.

आता त्यांच्या मुलाच्या गाडीविषयी. १९६० च्या दशकात अमेरिकेत 'मसल कार' नावाचा एक प्रकार गाजला. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, ही त्यामागची कल्पना. तिची सुरुवात बहुतेक जण १९६४ सालच्या पाँटिअक जी.टी.ओ.पासून मानतात. मध्यम गाड्यांत ठरावीक मापापेक्षा मोठे इंजिन घालू नये, असा त्या उद्योगसमूहाचा स्वतःचाच नियम होता. पाँटिअकच्या अभियंत्यांनी त्यातून वाट काढली. वेगळी गाडी न काढता त्यांनी 'ल मान्स' या साध्या गाडीवर जादा पैसे भरून घ्यायचा एक संच म्हणून ही गाडी विकायला ठेवली. इंजिन ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६,४०० घनसेंटिमीटरचे. आपल्या पद्मिनीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे होते, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. पहिल्या वर्षी ३२,४५० आणि १९६५ साली ७५,३५२ जी.टी.ओ. तयार झाल्या. आज पाँटिअक हे नाव बाजारात उरलेले नाही. २०१० साली ते कायमचे मिटले. त्यामुळे उरलेल्या गाड्यांना शौकीन मोठी किंमत मोजतात.

अस्सल जी.टी.ओ. मुलाच्या आवाक्याबाहेरची होती. त्याने १९६५ सालची, गंजून पडलेली एक ल मान्स स्वस्तात घेतली. त्याच कंपनीच्या त्या काळातील मोठ्या गाडीचे ३८९ घनइंचांचे इंजिन मिळवले, ते स्वतः उघडून दुरुस्त केले आणि या गाडीत बसवले. बॉनेट, नावाच्या पट्ट्या, आतली सजावट असे सारे त्याने जी.टी.ओ.प्रमाणे घडवले. अशा गाडीला तिकडे 'ट्रिब्यूट' म्हणतात. मूळ गाडीला वाहिलेली ती आदरांजलीच. कोणी तिला 'क्लोन' असेही म्हणतात. मुलाने हे काम विकण्यासाठी केलेच नव्हते. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून त्याने कारखान्यातल्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्या ऐकून जे वेड लागले, त्याचेच हे फळ.

पुढे घर घेण्यासाठी पैशांची निकड पडली आणि गाडी विकायचे ठरले. तेथील एका दलालाने ती पाहिली आणि सल्ला दिला, "ही 'ट्रिब्यूट' आहे, हे सांगायची काय गरज? पाटीवर जी.टी.ओ. आहे, इंजिन त्याच मापाचे आहे. १९६५ सालच्या गाडीच्या चासी नंबरवरून ती ल मान्स होती की जी.टी.ओ., हे कळतच नाही. कोणी विचारले तर बघू. नाही विचारले तर गप्प बसायचे." हे खरेही आहे. १९६६ पासून जी.टी.ओ. हा स्वतंत्र नमुना झाला आणि नंबरातच तशी खूण आली. त्याआधीच्या दोन वर्षांतल्या गाड्यांचा नंबर याबाबत मुका असतो. कारखान्याची जुनी कागदपत्रे काढून पाहिली, तरच उलगडा होतो. अस्सल आणि अनुकृती यांच्या किमतीतील फरक मोठा होता. घराची पहिली रक्कम त्यातून सहज उभी राहिली असती. मुलाने फोन करून विचारले, "डॅडी, काय करू?"

"आणि मी गप्प बसलो," ते गृहस्थ म्हणाले. थोड्या वेळाने खाली पाहत त्यांनी पुढचे सांगितले. कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्यांनी काही वर्षे कल्याणमध्ये गॅरेजची कामे केली. त्या दिवसांत 'ओरिजिनल' आणि 'ड्युप्लिकेट' हे दोन शब्द रोज कानांवर पडत. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला त्यांनी ब्रेकचा ड्युप्लिकेट भाग बसवला आणि कंपनीच्या भागाचे पैसे घेतले. अपघात झाला नाही, तक्रार आली नाही, कोणाला कळलेही नाही. "त्या पैशांतून त्याची शाळेची फी भरली होती. आता मी कोणत्या तोंडाने त्याला सांगू?"

त्यांचा खरा प्रश्न हा होता. तरीही त्यांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचा विचार आधी करू, कारण दुसऱ्याची वाट त्यातूनच जाते.

दुसऱ्या वस्तूसारखी वस्तू घडवणे हेच मुळी असत्य आहे काय? तसे म्हटले, तर आपली चर्चेसही अडचणीत येतील. कित्येक चर्चच्या आवारात लूर्दमातेची गुहा असते. आपल्या कल्याणचे चर्च तर लूर्दमातेच्याच नावाचे आहे. १८५८ साली फ्रान्समधील ज्या गुहेत बर्नादेतला मातेचे दर्शन घडले, ती गुहा ही नव्हे, हे मेणबत्ती लावणाऱ्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. खुद्द व्हॅटिकनच्या बागेत लूर्दच्या गुहेची प्रतिकृती आहे. त्यात कोणाचीही फसवणूक होत नाही, कारण ती गुहा पाहणाऱ्याला आपल्यापाशी अडवून धरत नाही. ती त्याला मूळ स्थानाकडे धाडते. इ. स. ७८७ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांविषयी हेच ठरवले. प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो जिची प्रतिमा आहे तिच्याकडे जातो.

संत ऑगस्टीन आणि त्यांच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनीही हा भेद ओळखला होता. रचलेली प्रत्येक गोष्ट असत्य नसते. ती एखाद्या सत्याकडे बोट दाखवीत असेल, तर ती त्या सत्याचीच आकृती ठरते. उधळ्या पुत्राची गोष्ट कोणत्या गावी घडली, हे आपण विचारीत नाही आणि प्रभूने आपल्याला फसवले, असेही म्हणत नाही. गंमत अशी की जी.टी.ओ. ही तीन अक्षरेही पाँटिअकची स्वतःची नव्हती. इटलीच्या फेरारी कंपनीच्या एका शर्यतीच्या गाडीवरून ती उचललेली होती. आज जिला आपण अस्सल म्हणतो, तीही जन्मतः दुसऱ्या कोणाचे अनुकरणच करीत होती. तेव्हा अनुकरण हे पाप नव्हे. मुलाने चार वर्षे जे केले ते प्रेमाचे काम होते, एवढे तरी आपण निःशंकपणे म्हणू शकतो.

मग असत्य सुरू होते कोठे? मराठी माणसाला या ठिकाणी तोतयाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. काही वर्षांनी 'मीच तो भाऊ' म्हणणारा एक जण उभा राहिला. त्याने माणसे जमवली, किल्ले घेतले आणि पुणे दरबाराला घोर लावला. अखेरीस १७७६ साली त्याला देहदंड झाला. भाऊंसारखे दिसणे हा काही त्याचा अपराध नव्हता. त्याचा अपराध होता तो भाऊंच्या जागेवर बसण्याचा. शिवाय त्याची चाल कोणावर चालली? ज्यांना भाऊ परत यावेत असे मनापासून वाटत होते, त्यांच्यावर. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीच्या मृत्यूवर कधी विश्वास ठेवला नाही, असे परंपरा सांगते. तोतया जगतो तो अशा निष्ठावंतांच्या आशेवर. उदासीन माणसाला कोणी फसवू शकत नाही. फसतो तो प्रेम करणारा. जुन्या जी.टी.ओ.साठी पदरची पुंजी ओतणारा गिऱ्हाईकही कदाचित असाच असतो. बापाने कधीकाळी चालवलेली गाडी तो शोधीत असतो.

पवित्र शास्त्रातील याकोबाची कथाही आपल्याला ठाऊक आहे. भावाचे कपडे आणि हातांवर करडांची कातडी, अशा वेषात तो आंधळ्या पित्यापुढे गेला. इसहाकाला आवाजावरून शंका आली. तू कोण, असे त्याने स्पष्ट विचारलेही. कातडे पांघरले तोवर ते सोंग होते. 'मी एसाव' हे उत्तर तोंडून गेले, तेव्हा त्याचे असत्य झाले. या कृत्याची फेड याकोबाला लाबानाच्या घरी करावी लागली. विवाहाच्या रात्री राहेलच्या जागी लेआ देऊन त्याच्याशीही तोच खेळ खेळला गेला.

दलालाचे म्हणणे मात्र याहून धूर्त होते. खोटे बोलू नकोस, नुसता गप्प बस, असे तो सांगत होता. मौनालाही आपण असत्य म्हणायचे काय? संत थॉमस यांनी व्यापाराच्या न्यायनीतीचा विचार करताना हा प्रश्न हाताळला आहे. बाजारातील प्रत्येक गोष्ट विक्रेत्याने सांगितलीच पाहिजे, असे ते म्हणत नाहीत. उद्या धान्याची आणखी गाडी येणार आहे, हे न सांगता आजच्या भावाने धान्य विकणारा व्यापारी न्यायाचा भंग करीत नाही. सांगितले तर तो अधिक सद्गुणी ठरेल, इतकेच. पण विकल्या जाणाऱ्या वस्तूतच जर दोष असेल, तो लपलेला असेल आणि त्याने घेणाऱ्याची हानी होणार असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे.

यावर कोणी म्हणेल, की या गाडीत दोष कसला? इंजिन तितकेच दणकट आहे, कदाचित मूळ गाडीपेक्षा निगुतीने जोडलेले आहे. घेणाऱ्याला डोळ्यांना दिसते तेच मिळते आहे. आम्हीही यापाशी बराच वेळ अडलो. मग ध्यानात आले, की अस्सल गाडीसाठी जी जादा किंमत मोजली जाते, ती लोखंडाची नसतेच. लोखंड दोन्हींकडे सारखेच. ती किंमत असते साक्षीची. ही गाडी १९६५ साली याच रूपात कारखान्यातून बाहेर पडली, या एका वाक्याची. ते वाक्य खोटे असताना त्याचे पैसे घेणे म्हणजे खोटी साक्ष विकणे. आठव्या आज्ञेचा आणि सातव्या आज्ञेचा भंग अशा वेळी एकाच व्यवहारात होतो. मूळ वस्तूचा एवढा सोस हा श्रीमंतांचा पोकळ हव्यास आहे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण दुसऱ्याच्या हव्यासाला शिक्षा करण्याचा अधिकार विक्रेत्याला कोणी दिला?

ख्रिस्तसभेने या बाबतीत जी शिस्त घालून दिली आहे, ती आपल्या ठाणे परिसराला परकी नाही. १३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री हे चौघे श्रद्धेसाठी हुतात्मे झाले. काही काळाने आलेल्या ओदोरिक या धर्मबंधूने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि समुद्रमार्गे चीनपर्यंत नेल्या. अस्थी आणि पुतळा या दोहोंना ख्रिस्तसभा मान देते, पण त्यांची गल्लत होऊ देत नाही. अवशेष खरा असल्याचे लेखी प्रमाणपत्र त्याच्यासोबत राखण्याची पद्धत आहे. पुतळ्याला तसे प्रमाणपत्र लागत नाही, कारण तो तसा दावाच करीत नाही. पवित्र अवशेषांची विक्री तर धर्मनियमाने पूर्णपणे निषिद्ध आहे. साक्षीचा बाजार मांडला, की साक्ष मलिन होते, हे जाणूनच हा नियम झाला असावा.

आणखी एक अडचण उरते. पहिला विक्रेता प्रामाणिकपणे सांगेल, पण वस्तू शब्दापेक्षा अधिक जगते. तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती गाडी जाईल, तेव्हा कोण कोणाला काय सांगणार? म्हणून सत्य केवळ तोंडात ठेवून भागत नाही. ते वस्तूवर आणि कागदावर उतरवावे लागते. आपल्याकडचा कायदाही हेच पाहतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही, हे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. कायद्याची वाट निराळी आहे, पण जे आहे ते नोंदीत तसेच दिसावे, ही त्याची मागणी नीतीच्या मागणीशी जुळते.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. स्वतः चुकलेल्या माणसाने मुलाला सत्य कसे शिकवावे? आम्ही धर्मगुरू नव्हे. त्यांना इतकेच म्हणालो, की हे आधी पापनिवेदनात सांगा, आणि तो गिऱ्हाईक सापडत असेल तर त्याचे पैसे परत करा. मुलाला उपदेश करू नका. जे आम्हाला सांगितले, तेच त्याला सांगा. निष्कलंक असल्याचा आव आणून केलेला उपदेश म्हणजे पुन्हा तोतयेगिरीच. आपल्या आयुष्याचा खरा कागद मुलापुढे ठेवणारा बाप त्याच्या नजरेतून उतरत नाही, असे आम्हाला वाटते.

आणि हे केवळ त्यांच्यापुरते नाही. स्नानसंस्काराच्या वेळी आपल्याला शुभ्र वस्त्र मिळते. ख्रिस्ताला परिधान केले, असे आपल्याविषयी म्हटले जाते. संतांची नावे आपण आपल्या मुलांना देतो. फ्रान्सिस नावाचे मूल काही असिसीचा फ्रान्सिस होत नाही, तरीही ते नाव खोटे ठरत नाही. ते कोणाकडे पाहून जगायचे, याची दिशा दाखवते. संत पौलाने तर आपल्या मंडळींना सरळ सांगितले, की मी ख्रिस्ताचे अनुकरण करतो, तसे तुम्ही माझे करा. ख्रिस्ती जीवन हे अशा अर्थाने अनुकरणच आहे. साध्या, गंजलेल्या सांगाड्यात आपले नसलेले एक मोठे सामर्थ्य कृपेने आलेले असते. ते आपले नाही, हे विसरून आपणच मूळ असल्यासारखे मिरवू लागलो, की परूशी आणि आपण यांत अंतर उरत नाही.

नाताळच्या सुमारास ते गृहस्थ पुन्हा भेटले. मुलाला त्यांनी सारे सांगितले होते. फोनवर बराच वेळ कोणीच बोलले नाही, म्हणाले. कल्याणचा तो गिऱ्हाईक मात्र आता हयात नव्हता. ते पैसे त्यांनी त्याच्या मुलीच्या घरी नेऊन दिले. काय समजावे, हे तिला आधी कळेना. मग तिने चहा केला. गाडी अजून विकली गेलेली नव्हती. दोघेजण येऊन, सत्य ऐकून, परत गेले होते. घर लांबणीवर पडले होते.

त्यांनी नवे छायाचित्र दाखवले. बॉनेट उघडलेले होते आणि आतल्या पत्र्यावर, सहज नजरेस पडेल अशा जागी, मुलाने एक छोटी पितळी पट्टी बसवली होती. ही गाडी १९६५ साली ल मान्स म्हणून तयार झाली आणि जी.टी.ओ.च्या आदराखातर तिला हे रूप दिले, एवढेच त्यावर कोरले होते. खाली त्याचे स्वतःचे नाव होते.

"आता सांगा," त्यांनी विचारले, "खरी की खोटी?"

या वेळी आम्हाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही.